वापरणाऱ्याला सुचलेली सुधारणा आणि तिच्यातून उभा राहणारा धंदा



खोडव्याला पहारीने खत देण्याची पद्धत आता आपल्याला नवी नाही. बुडख्यापासून अर्ध्या फुटावर सहा-सात इंच खोल भोक घ्यायचे, खत टाकायचे आणि मातीने बुजवायचे. पण भोक किती खोल गेले हे गडी दर वेळी थोडेच मोजतो? फर्दापूरकडच्या एका शिवारात आम्ही अशी पहार पाहिली, की जिच्या टोकापासून सहा इंचांवर लोखंडी पट्टी वेल्डिंग करून बसवली होती. पट्टीवर पाय दिला की पहार आत जाते आणि पट्टी जमिनीला टेकली की थांबते. खोली नेमकी, कंबरेला त्रास कमी. ही पट्टी आम्ही कोणाला शिकवलेली नव्हती. खत देणाऱ्यालाच ती सुचली.

या गोष्टीचा परदेशात रीतसर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील प्राध्यापक एरिक फॉन हिपेल यांनी १९७६ साली प्रयोगशाळेतल्या उपकरणांमधील १११ सुधारणा तपासल्या. तोपर्यंत समजूत अशी, की सुधारणा करतो तो कारखानदार आणि गिऱ्हाईक फक्त विकत घेते. निघाले उलटेच. सुमारे ८० टक्के सुधारणा उपकरण वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या गरजेपोटी केल्या होत्या. कारखानदार मागाहून आले. कारण साधे आहे. अडचण कुठे आहे हे ज्याच्या हाताला फोड येतात त्याला आधी कळते. पुढे २००७ साली सोनाली शहा व मेरी ट्रिप्सास या दोन संशोधक बाईंनी अशा लोकांना ‘अपघाताने झालेले उद्योजक’ म्हटले. माणूस आधी स्वतःपुरती वस्तू करतो, शेजारी बघतात, मागतात, दोन सूचना करतात, आणि मग त्याच्या लक्षात येते की अरे, हा तर धंदा आहे!

आपल्या राज्यात याचे मोठे उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. त्यांनी त्या खुडून बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून राखण केली आणि दर हंगामाला निवड करीत गेले. तांदूळ बाजारात गेला तेव्हा त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. आज हा तांदूळ कोणाला ठाऊक नाही असे घर विदर्भात क्वचितच सापडेल.

आता पुढचे ऐका. १९९४ साली कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेला वाण प्रसारित झाला. नावात दादाजी कुठेच नव्हते. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानतर्फे राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, मानमरातब मिळाले. पण बियाण्यातून इतरांनी मिळवले त्या मानाने त्यांच्या घरात फारसे आले नाही. २०१८ साली ते गेले तेव्हा परिस्थिती हलाखीचीच होती. आमच्या मते यात दादाजींची हुशारी कुठेही कमी पडली नाही; कमी पडली ती नोंद, आणि पाठीशी उभी राहणारी संस्था.

द्राक्षात वेगळे घडले. तासगावकडचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ निवडला, सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिला. तिथे बागायतदारांचा संघ होता, त्यामुळे कोणी काय केले हे लोकांना माहीत राहिले.

आपल्या पिकात आज सर्वांत सोपा असा धंदा म्हणजे एक डोळा रोपांची वाटिका. ट्रेमध्ये कोकोपीट भरून डोळे लावले की २५ ते ३० दिवसांत रोप लागवडीला येते. पाच बाय दोन फुटांवर एकराला ४,३५६ रोपे बसतात, तुटाळीसाठी वर थोडी धरावीत. पुष्कळांनी आधी स्वतःच्या रानापुरती रोपे केली आणि शेजाऱ्याने मागितली म्हणून वाढवली. पण हिशोब इथेच फसतो. कोकोपीट, ट्रे, बेणे धरले जाते; न उगवलेले डोळे आणि घरच्या बायामाणसांची मजुरी धरली जात नाही. शंभर डोळ्यांतली ऐंशीच उगवली तर सगळा खर्च त्या ऐंशींवरच पडतो, हे लक्षात घेऊन दर ठरवावा. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी मळ्यातलेच घ्यावे. गवताळ वाढीचा एक बेटसुद्धा रोपांबरोबर दहा जणांच्या रानात जाईल आणि धंदा एका हंगामात बसेल.

कोणाला उसात वेगळे बेट दिसले तर ते लगेच वाटू नये. खूण करून ठेवावी, लागण आणि खोडवा दोन्ही बघावेत, साखर उतारा तपासून घ्यावा. वजन भरते पण उतारा नाही, असा ऊस कारखान्याच्या, म्हणजे आपल्याच मुळावर येतो. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो आणि त्याला नोंदणीची फी लागत नाही. अवजाराचे पेटंट घेण्याचा विचार असेल तर मात्र ते प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करावा. एकदा चारचौघांत दाखवले की नवेपणा गेला असे धरले जाते.

यापुढे आमचे कर्मचारी ऊस नोंदीला येतील तेव्हा ज्या सभासदाने अवजारात, पाणी देण्यात किंवा रोपात काही बदल केला असेल त्याने तो सांगावा. तारीख, गट नंबर, काय बदलले आणि किती मजूर वाचले, एवढे वहीत लिहून सही घेतली जाईल. वहीची एक प्रत सभासदाकडेच राहील.