दातांवर खापर

अंगणवाडीच्या घरभेटींत तापाला, हगवणीला, रात्रभराच्या रडण्याला एकच उत्तर मिळतं: "काई नाई बाई, दात येऊन रायले." सेलू तालुक्यातल्या गावांत वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर माझ्यापुरता एक नियम ठरला. लक्षण तोंडातलं असेल तर दातांचा विचार करायचा. तोंडाबाहेरचं असेल तर आधी दुसरं कारण शोधायचं.

१. हिरडी बघितल्याशिवाय बोलायचं नाही. साबणाने हात धुऊन खालच्या हिरडीवरून हळूच बोट फिरवा. जिथे दात यायचा तिथे फुगीर, लालसर लागतं. नंतर पांढरी कडा दिसते. कधी निळसर फोड दिसतो आणि घरात घबराट उडते. तो बहुतेक वेळा दात वर आला की आपोआप जातो, सुईने फोडायचा नाही. साधारण सहाव्या महिन्यात खालचे मधले दोन दात येतात, मग वरचे. कुणाला चौथ्या महिन्यातच येतात, कुणाचा वाढदिवस बोळक्या तोंडाने होतो. सुळ्यांच्या आधी दाढा येतात, त्यामुळे मधे फट राहते आणि आया विचारतात, "हा दात गेला कुठे?" अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पुरे होतात.

२. लाळ लवकर सुटते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळ वाढते आणि बाळाला ती नीट गिळता येत नाही, म्हणून लाळेरं भिजतं. मुठी तोंडात कोंबणं, चिडचिड, दूध पिताना मधेच चावणं, झोप मोडणं ही दातांची खरी लक्षणं. पण दात दिसायला त्यानंतरही महिने जाऊ शकतात. हनुवटीवर पुरळ आलं तर लाळ टिपायची, घासायची नाही, आणि खोबरेल तेलाचा हात लावायचा. कान ओढणं दातामुळेही होतं. सोबत ताप असेल किंवा कान वाहत असेल तर तो कानाचाच आजार समजा.

३. दाताने अंग किंचित कोमट होतं, तापत नाही. थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर दाताचं नाव घेऊ नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तरी कुंची-दुपट्यात गुंडाळलेली बाळं दिसतात. कपडे सैल करा, सावलीत अंगावर घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लसीनंतर आठवड्याभराने ताप येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे थेट दवाखाना. आणि पॅरासिटामॉलची बाटली नीट वाचा: थेंबांच्या औषधात बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, पातळ सिरपच्या पाच मिलिलिटरला १२५. चमच्याने थेंब पाजले तर चौपट औषध पोटात जातं.

४. हगवणीबद्दल मी भांडते. "दाताची हगवण हाय, थांबवू नको, दात अडकंल," असं सांगणाऱ्या आजीशीसुद्धा. सहाव्या महिन्यात एकाच वेळी बरंच काही घडतं. उष्टावण होते आणि वरचं अन्न सुरू होतं. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरू लागते. बाळ सरकायला लागतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. हिरडी सळसळते म्हणून तर जास्तच. दात येतात त्याच काळात जंतूही पोटात जातात. शेजारी बसलेल्यावर चोरीचा आळ यावा तसं दातांचं होतं.

तेव्हा आशाताईकडून ओआरएसचं पाकीट आणा आणि एका पाकिटाला एक लिटर पाणी हे माप सोडू नका. अर्ध्या पेल्यात चिमूटभर पूड टाकणारे मी पाहते. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला झिंक २० मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस. हगवण थांबली तरी गोळ्या पुऱ्या करायच्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. डोळे खोल गेले, लघवी होत नाही, शीत रक्त आहे, लेकरू मलूल पडलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. उन्हाळ्यात तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

दातांमुळे आजार होतात हा समज आजींचाच नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दात येणं हे साऱ्या रोगांचं कारण म्हटलं आहे. पण तिथेच पुढे असंही आहे की या काळात बाळाला फार जखडू नये, दात आले की या तक्रारी आपोआप शमतात. पहिलं सगळ्यांना पाठ, दुसरं कुणाच्या लक्षात नाही. इंग्लंडमध्ये याहून वाईट झालं: दातांसाठीच्या पुडीत पारा असायचा, त्याने मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे. १९५० च्या दशकात पारा काढला आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला.

५. हिरडीवर टाकणखार आणि मध नको. टाकणखार पोटात गेला तर विषारी ठरू शकतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाच नसतो. बधिर करणारी जेल नको. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तो वापरू नका असं बजावलं. आणि तंबाखूचा खर्रा घोटलेलं बोट तर मुळीच नको. हे लिहावं लागतं, कारण आमच्याकडे असं बोट बाळाच्या तोंडात जाताना दिसतं.

६. त्यापेक्षा स्वच्छ फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, पिळा आणि चावायला द्या. माठातल्या पाण्याने गार केलेला चमचाही चालतो. बर्फाचा खडा नको. गळ्यातला काळा दोरा आणि ताईत झोपताना काढा. मनगटीचे मणी सैल झाले असतील तर तीही.

७. वरचे दात आधी आले तर मामाला जड, असं म्हणतात. मामाचं काही बिघडत नाही. बोरन्हाणात मात्र सगळ्यांनी डोळे उघडे ठेवावेत: डोक्यावरून ओतलेली बोरं आणि हरभरे दोन दातांच्या बाळाच्या हाताशी पडतात आणि घशात अडकू शकतात. चुरमुरे ओता, बोरं मोठ्या मुलांना वेचू द्या.

८. पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून पुसा, आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावा. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवलं तर पुढचे दात किडतात. वर्ष-सव्वा वर्ष उलटूनही एकही दात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेकदा घराण्याचीच रीत असते, क्वचित मुडदूस किंवा थायरॉइडची कमतरता निघते. सावंगीच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.