परत आलेला माल : भांडणापेक्षा पुरावा मोठा

ऑनलाइन विक्रीमुळे मालेगावचा कापडवाला आणि कोल्हापूरचा चप्पल कारागीर थेट दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचला आहे. परंतु त्याबरोबर एक नवी डोकेदुखीही आली आहे. ईदच्या आठवड्यात पाठवलेला शरारा सूट ईद झाल्यावर परत येतो आणि त्याला अत्तराचा वास असतो. कधी नव्या चपलांच्या जागी जुना जोड निघतो, तर कधी डबाच रिकामा असतो.

याचा हिशेब मांडून पाहावा. एका नगाचा खर्च १२०० रुपये आणि नफा १५० रुपये धरला, तर एक नग वाया गेल्यास आठ नगांचा नफा बुडतो. कुरिअरचा खर्च वेगळाच.

यावर “माल परत घेतला जाणार नाही” अशी पाटी लावणे हा उपाय नव्हे. ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. म्हणून खरी तक्रार आणि लबाडी वेगळी करता आली पाहिजे. त्यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात.

१) माल बांधताना चित्रण करावे. नग सर्व बाजूंनी, त्यावरील खूण, वजनकाटा, बंद होणारे पार्सल आणि त्यावरील लेबल हे सर्व एकाच सलग चित्रणात यावे. मध्ये खंड पडला तर चित्रणाचे मोल कमी होते.

२) प्रत्येक नगाला स्वतःची खूण द्यावी. चपलेच्या आतल्या बाजूला क्रमांक, कपड्याच्या शिवणीत लहान चिठ्ठी. तोच क्रमांक वहीत ऑर्डरसमोर लिहावा. नग बदलला गेल्यास हीच खूण बोलते.

३) लग्नकार्याच्या व सणाच्या कपड्यांना दर्शनी जागी, एकदा तोडल्यावर पुन्हा न जोडता येणारा टॅग लावावा. “टॅग तोडल्यास, सदोष माल वगळता, परती नाही” ही अट विक्रीपूर्वीच स्पष्ट छापावी. जेथे कंपनीमार्फत विक्री होते, तेथे तिची अट आधी वाचावी.

४) परत आलेले पार्सल घेताना घाई करू नये. टेप कापलेली किंवा वजन कमी वाटल्यास कुरिअरवाल्यासमोरच फोटो घ्यावा व शक्य असल्यास तसा शेरा लिहून घ्यावा. ग्राहकाने न स्वीकारल्याने परत आलेल्या पार्सललाही हाच नियम लावावा. माल वाटेतही बदलला जाऊ शकतो.

५) पार्सल उघडतानाही लेबलपासून सलग चित्रण करावे. दावा त्याच दिवशी दाखल करावा, कारण प्रत्येक कंपनीची मुदत ठरलेली असते व ती टळल्यावर खरा दावाही फेटाळला जातो. अ‍ॅमेझॉनवर अशा दाव्याला सेफ-टी क्लेम म्हणतात.

६) मोठ्या रकमेची किंवा वारंवार फसवणूक झाल्यास पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. मूळ चित्रण मोबाइलमधून पुसू नये.

ग्राहकाचे नाव, नंबर किंवा फोटो गटांत फिरवून त्याला चोर ठरवणे मात्र टाळावे. लबाडी सिद्ध झाली नाही तर उलट आपल्यावरच बदनामीची तक्रार होऊ शकते.

शेवटी आपली बाजूही तपासावी. फोटोतील रंग खरा आहे काय? मापाचा तक्ता इंच व सेंटीमीटरमध्ये दिला आहे काय? परत येणारा सगळाच माल लबाडीचा नसतो. बराचसा माप चुकल्याने किंवा रंग वेगळा निघाल्याने येतो. ही परती कमी झाली की उरलेली लबाडी सहज ओळखू येते. प्रामाणिक ग्राहकाचा माल विनातक्रार परत घ्यावा आणि लबाडासमोर पुरावा ठेवावा. यातच धंद्याची पत आणि भांडवल दोन्ही टिकतात.