खापर खडकाच्या माथी

बोगद्यात सुरुंग उडाला की खडकाचे नुकसान दोन तऱ्हेने होते. आखलेल्या रेषेबाहेरचा दगड निखळतो. तो दिसतो आणि काँक्रीटने भरता येतो. मागे उरलेला खडक मात्र आतून तडकतो, त्याचे सांधे सैल होतात, आणि तो धोका पुढच्या पाळीतल्या माणसांच्या डोक्यावर राहतो.

सह्याद्रीच्या घाटांचा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा. इगतपुरीजवळचा समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये खुला झालेला जोडबोगदाही याच बेसाल्टातला. यातली काळवत्री, म्हणजे घट्ट काळा बेसाल्ट, कठीण, पण उभ्या सांध्यांनी चिरलेली; स्फोटाचा वायू त्याच फटींत शिरतो. मांजऱ्यात, म्हणजे भरलेल्या पोकळ्यांच्या बेसाल्टात, सांधे कमी, म्हणून तो आकार चांगला धरतो. उघडा राहिला तर काही ठिकाणी झिजू लागतो. दोन थरांमधली लाल पट्टी छताजवळ आली की सुरुंगाच्या एका फेऱ्याची लांबी आणि स्फोटकाची भरणी दोन्ही घटवावी लागतात.

मागचा खडक वाचवायचा तर आखलेल्या रेषेवरची कडेची भोके साधारण ४५ ते ६० सेंटिमीटरवर, एकमेकांना समांतर घ्यावीत. भोक ४५ मिलिमीटरचे तर काडतूस २५ च्या आसपासचे; भोवतालची पोकळी धक्का मवाळ करते. ही भोके सर्वांत शेवटी, एकाच वेळी उडवायची. त्यांच्या आतल्या ओळीतही हात राखून भरावे लागते. हेच नेमके विसरले जाते आणि कडेची मेहनत वाया जाते.

रेषेबाहेरचा दगड का निखळला, असे विचारले की ठेकेदाराचे उत्तर ठरलेले: ‘दगडच खराब आहे, साहेब.’ खरे काय, ते भिंत सांगते. सैल दगड सब्बलीने पाडून झाले की कमानीवर बॅटरी मारावी. नीट उडालेल्या फेऱ्यात, चांगल्या खडकात, कडेच्या भोकांच्या अर्ध्या पन्हळी शाबूत दिसतात. डाव्या खांद्यावर त्या ओळीने आणि उजव्या खांद्यावर, त्याच खडकात, एकही नाही, तर ड्रिल तिरके गेलेले असते किंवा भरणी जास्त झालेली असते. हे जागेवर सांगणाऱ्या भूशास्त्रज्ञाला बैठकीत कुणी विचारत नाही. जादा खोदाईच्या बिलावर ‘भूगर्भीय कारण’ लिहून सगळे मोकळे होतात. हा सरळ अन्याय आहे.

शॉटक्रीट चढले की पुरावा गाडला जातो. म्हणून त्याआधीच, त्याच पाळीत, साखळी क्रमांकासह फोटो, पन्हळींची मोजणी आणि भरणीची नोंद ठेकेदार आणि भूशास्त्रज्ञ या दोघांच्या सह्यांनी करून घ्यावी. सुरक्षेचे नियम तर पाळायचेच. वर वस्ती असेल तर कंपने मोजावीत. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी ८ हर्ट्झखाली सेकंदाला ५ मिलिमीटर ही मर्यादा आहे.