अ‍ॅम्बॅसडरचा डिस्ट्रिब्युटर घेण्याआधी

बुलढाणा

चि. भाच्यास,

१९७८ ची मार्क थ्री अ‍ॅम्बॅसडर, चढावर झटके, कधी कधी सायलेन्सरमध्ये फटाका, मिस्त्रीचं निदान ‘डिस्ट्रिब्युटर गेला’, आणि खिशात बेताचे पैसे. तुझ्या फोनचा सारांश एवढाच होता. पर्याय तीन सांगितलेस: भंगारातला जुना, बिननावाच्या खोक्यातला नवा, नाहीतर परदेशी इलेक्ट्रॉनिक. चौथा राहिला. गाडीत बसलेला डिस्ट्रिब्युटर अजून कुणी खोलून पाहिलेला दिसत नाही.

अ‍ॅम्बॅसडर म्हणजे मूळची इंग्लंडातली मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्सने ती १९५७ पासून उत्तरपाड्याला बनवली आणि २०१४ साली थांबवली. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधलं, आणि त्या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर लुकासचा. आपल्याकडे लुकासच्या धाटणीचा हा माल पाडीच्या लुकास-टीव्हीएसने बनवला. ती कंपनी १९६१ ची. या डिस्ट्रिब्युटरची गंमत अशी की एकाच साच्याची बॉडी लुकासने इंग्लंडात कितीतरी गाड्यांना दिली. घरगुती मॉरिसला दिली, एमजीच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारलाही दिली. बाहेरून सगळे सारखे दिसतात, भोकात बसतातही. आतली वजनं आणि स्प्रिंगा मात्र प्रत्येक इंजिनासाठी वेगळ्या. स्वस्तात घेणारा माणूस नेमका इथे फसतो: बसला म्हणजे जुळला, असं त्याला वाटतं.

जुळणं म्हणजे काय, ते एका हिशेबात कळेल. प्लगला ठिणगी पडली की मिश्रण तत्क्षणी पूर्ण जळत नाही, काही मिलिसेकंद घेतं. इंजिन ८०० आरपीएमवर आयडलिंग करत असताना क्रँक एका मिलिसेकंदात जेमतेम ५ अंश फिरतो. ३००० वर तोच १८ अंश फिरतो. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडायला हवी. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात: दांडा जोरात फिरला की ती बाहेर फेकली जातात, आणि स्प्रिंगा ठरवतात की किती वेगाला किती. ३००० आरपीएमवर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, त्या सगळ्या या दोन हलक्या स्प्रिंगांच्या हिशेबाने. एखाद्या फिटरने एक स्प्रिंग हरवून दुसऱ्याच कशाची तरी लावली असेल, तर बाहेरून टायमिंग कितीही अचूक लावा, गाडी एका वेगाला सुस्त आणि दुसऱ्या वेगाला टिकटिक करणारच.

दुसरी व्यवस्था व्हॅक्यूमची. बाजूला ती जी गोल डबी आणि कार्ब्युरेटरकडे जाणारी बारीक नळी असते ना, ती. तिचं काम समजून घ्यायला बुलढाण्यासारखी जागा नाही. मलकापूरहून मोताळ्यापर्यंत सपाटीवर गाडी अर्ध्याहून कमी अ‍ॅक्सिलरेटरवर चालते. सिलिंडरमध्ये मिश्रण कमी जातं, ते हळू जळतं, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. कार्ब्युरेटरची ओढ डबीतला पडदा खेचते आणि ठिणगी आधी पडते. अ‍ॅव्हरेज इथे मिळतं. पुढे राजूर घाट लागला की पाय पूर्ण दाबला जातो, ओढ नाहीशी होते, पडदा मागे येतो, ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन ठोकत नाही. ड्रायव्हरला यातलं काही करावं लागत नाही. बोथ्याच्या घाटाने खामगावहून वर येणाऱ्या गाडीचीही हीच कथा.

म्हणून पहिली अट: रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला व्हॅक्यूमशिवायचा डिस्ट्रिब्युटर घ्यायचा नाही, फुकट मिळाला तरी. जगात याचा मोठा दाखला फोक्सवॅगन बीटलचा आहे. बॉशचा ‘००९’ नावाने ओळखला जाणारा डिस्ट्रिब्युटर स्वस्त होता, सुटसुटीत होता, आणि त्यात फक्त वजनं होती, व्हॅक्यूम नव्हता. हजारो बीटलवाल्यांनी तो बसवला. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर गाडी क्षणभर गुदमरते, हा अनुभव इतका सार्वत्रिक झाला की कार्ब्युरेटरचे जेट बदलून तो झाकण्याचे उपाय निघाले. आकर्षक किमतीचे, ‘रेसिंग’ शिक्क्याचे जे डिस्ट्रिब्युटर विकले जातात त्यातल्या बऱ्याचशांचं दुखणं हेच असतं. शर्यतीत पाय सतत दाबलेलाच असतो, तिथे व्हॅक्यूम लागत नाही. चिखली-मेहकर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे चाळीसने जाताना लागतो.

आता तुझा जुना कसा पाहायचा ते.

कॅप काढून रोटर उचल. दांडा दोन बोटांत धरून आडवा हलव. वर-खाली थोडा हललेला चालतो, आडवा डुलला तर बुश झिजलंय. पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे साधारण ०.३५ ते ०.४० मिमी. दांडाच त्याच्या निम्म्याने डुलत असेल तर फिलर गेज लावून काय साधणार? प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा मिळतो, आणि गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. पन्नास वर्षांच्या बहुतेक डिस्ट्रिब्युटरचा खरा आजार हा असतो, आणि दुकानदार बहुधा नवा पॉइंट विकून मोकळा होतो. यावर इलाज अवघड नाही. मोटारपंपांची कामं करणारा लेथवाला खामगावात, मलकापुरात, कुठल्याही तालुक्याच्या गावात भेटेल, तो बुश बदलून देईल. बुश सिंटर्ड ब्राँझचं घ्यावं आणि बसवण्याआधी ते २४ तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावं. तेल त्याच्या छिद्रांत मुरतं. ही पायरी वगळणारे कारागीर बरेच, म्हणून आदल्या दिवशी बुश स्वतःच तेलात टाकून न्यावं.

व्हॅक्यूमच्या डबीची परीक्षा तोंडानेच होते. नळी कार्ब्युरेटरकडून सोडवायची, टोक तोंडाने ओढायचं आणि जिभेने बंद करायचं. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ काढेपर्यंत तिथेच राहिली पाहिजे. लगेच परत आली तर पडदा फाटलाय. वजनांसाठी रोटर लावून तो फिरण्याच्या दिशेने हाताने पिळायचा आणि सोडायचा. झटकन जागेवर यायला हवा. जाम असेल तर आत गंज आहे, रॉकेल आणि ब्रशने तो निघतो.

कंडेन्सरबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या उन्हात तो फार छळतो. सकाळी गाडी झकास सुरू होते, अर्ध्या तासाने तोतरी होते, थांबून गार झाली की पुन्हा चालते. मे महिन्यात घाटाखाली नांदुऱ्याकडे पारा ४४ च्या आसपास असताना हीच लक्षणं पेट्रोलची वाफ झाल्यानेही दिसतात. जुने ड्रायव्हर म्हणूनच गाडीच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत. दोन्हींतला फरक ठिणगीवरून कळतो. गाडी बंद पडल्याबरोबर कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून, इन्सुलेटेड पकडीने, इंजिनाच्या धातूपासून थोड्या अंतरावर धरायची आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. निळी, कडकडीत ठिणगी आली तर दोष पेट्रोलचा. पिवळी, मरतुकडी आली तर आधी कंडेन्सर आणि पॉइंट बघायचे. कॉइलवरही एक नजर टाक. रेझिस्टर लावून वापरायची कॉइल कुणी रेझिस्टरशिवाय लावली असेल, तर नवे पॉइंटही लवकर जळतील आणि शिव्या डिस्ट्रिब्युटर खाईल.

रोटर मात्र नावाच्या कंपनीचाच. इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना नकली काळ्या रोटरनी इतकं सतावलं की तिथे खास चांगल्या प्लॅस्टिकचे लाल रोटर बाजारात आले. नकली रोटरमधून करंट थेट दांड्यात उतरतो. दिसायला काही दिसत नाही आणि गाडी मुकी होते.

एवढं करूनही बॉडी तडकलेली निघाली किंवा कॅम झिजलेला निघाला, तर दुसरा डिस्ट्रिब्युटर घ्यावाच लागेल. तेव्हा भंगार आधी. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टचा बाजार आहे, तिथे डोळे उघडे ठेवून जावं. तिथे पद्मिनीचा माल भरपूर दाखवतील. मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिच्याआधी उतरलेल्या हजारोंचे सुटे भाग कुठेतरी गेलेच. पण ते फियाटचं इंजिन. त्याचा डिस्ट्रिब्युटर अ‍ॅम्बॅसडरच्या कामाचा नाही. डिझेल अ‍ॅम्बॅसडरमध्ये तर डिस्ट्रिब्युटरच नसतो, आणि शेवटच्या काळातल्या १८०० सीसी इसुझू इंजिनचा वेगळा. ‘अ‍ॅम्बॅसडरचा’ एवढ्यावर समाधान मानू नये.

ओळख नंबरवरून. लुकासच्या जुन्या बॉडीवर बाजूला नंबर ठोकलेला असतो. पॉइंटच्या प्लेटखाली, कॅमच्या पायावर, वजनं जास्तीत जास्त किती अंश सरकतील ते कोरलेलं असतं. व्हॅक्यूमच्या डबीवर ओढ कुठे सुरू होते, कुठे संपते आणि किती अंश मिळतात याचे तीन आकडे. तुझ्या जुन्यावरचे आकडे आणि घ्यायच्या डिस्ट्रिब्युटरवरचे आकडे जवळजवळ सारखे असतील तर सौदा करावा. जुळत नसतील पण बॉडी आणि दांडा घट्ट असेल, तरी घेण्यासारखा. तुझी वजनं, स्प्रिंगा, डबी त्यात घालता येतात.

बिननावाच्या नव्या डिस्ट्रिब्युटरवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. आत कुठल्या इंजिनाच्या स्प्रिंगा आहेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चमकदार आहे, स्वस्त आहे, आणि अंधारात आहे.

इलेक्ट्रॉनिकचे दोन प्रकार. नेदरलँड्सचा ‘१२३’ पूर्ण डिस्ट्रिब्युटर आहे, त्यात सोळा ठरावीक कर्व्हमधून आपला निवडता येतो. वस्तू उत्तम, पण आयात आणि कर धरून ती तुझ्या बजेटची नाही. दुसरा प्रकार म्हणजे पॉइंट-कंडेन्सर काढून जुन्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारं छोटं मॉड्यूल. बुश आणि वजनं दुरुस्त झाल्यावर ते लावायला हरकत नाही. गॅप बघण्याची कटकट जाते. त्याआधी लावलं तर गंजलेली वजनं गंजलेलीच राहतात. गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघून घ्यावं, आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये. साधी मॉड्यूलं त्याने जळतात. मॉड्यूल लावलं तरी सेट केलेली पॉइंटची जुनी प्लेट डिकीत असू दे. मॉड्यूल लोणारच्या रस्त्यावर गेलं तर दुरुस्त करणारा कुणी नाही, पॉइंट मात्र नेलफाइलने घासूनही गाडी घरी येते.

काढताना रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खडूने खूण कर. खालची जीभ मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उलटा बसत नाही. फायरिंग १-३-४-२, आणि वरून पाहताना रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी त्याच क्रमाने. टायमिंगला सुरुवातीपुरता १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो: एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला, आणि चावी चालू. पुलीची खूण जागेवर येताना बल्ब लागला पाहिजे. नंतर टायमिंग लाइट कुणाकडून मागून आणावा आणि अ‍ॅक्सिलरेटर वाढवताना खूण सरकते का तेही पाहावं. वजनांची खरी परीक्षा तीच. आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ पडतं, तेव्हा राहिलेले बारीक झटके कार्ब्युरेटरचेही असू शकतात.

एक कागदोपत्री गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्थितीतल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. तुझी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. तेव्हा काय ठरवशील ते ठरव. मूळ स्थितीची अट आहे, म्हणून जुना डिस्ट्रिब्युटर निघालाच तर भंगारवाल्याला देऊ नकोस.

रविवारी कॅप उघडून दांडा हलवून बघ आणि बॉडीवरचा, कॅमवरचा, डबीवरचा नंबर फोटो काढून पाठव. ते येईपर्यंत कुणाला अ‍ॅडव्हान्स देऊ नये. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा