सोलापूर ते मालवण : स्कुबाचा खरा खर्च किती?

मालवणच्या जेट्टीवर पाय ठेवताच ‘हजारात स्कुबा, व्हिडिओसकट’ अशी हाक येते. सोलापूरहून जवळजवळ चारशे किलोमीटर गेल्यावर हा सौदा स्वस्त वाटतो. त्या पैशांत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे मिळतात. गाइड तुम्हाला धरून ठेवतो, पावाचे तुकडे सोडतो आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा कॅमेऱ्यापुढे येतो. पोहता न येणाऱ्याला एवढेही खूप वाटेल, पण समुद्री जीव पाहायचे असतील तर एवढ्यावर थांबू नका.

बोटीने बाहेर नेऊन अर्धा-पाऊण तास खाली ठेवणाऱ्या डाइव्हला साधारण तीन ते चार हजार रुपये धरा. फरक वेळेचा आहे. पहिली काही मिनिटे श्वास आणि कान सांभाळण्यातच जातात. नाक दाबून हळूच फुंकत कानांवरचा दाब काढावा लागतो. मग श्वास संथ होतो आणि खडकाच्या कपारीतला गोबरा, शेवंडीच्या लांब मिशा दिसू लागतात. मोरे ईल तोंड उघडत-मिटत असते. ती धमकी नसते, त्या हालचालीने ती कल्ल्यांवरून पाणी खेळवते, म्हणजे श्वास घेते. हातभर अंतर राखून स्थिर राहिलात तर ती आत पळत नाही. या भेटीसाठी मी जास्तीचे दोन-तीन हजार आनंदाने मोजायला सांगेन.

आता प्रवास. कोल्हापूरमार्गे साध्या एसटीला एका बाजूचे साडेसहाशे-सातशे रुपये होतात. महिलांना निम्मे तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. स्वतःच्या गाडीने चौघे गेलात तर जाऊन-येऊन पेट्रोल साडेपाच-सहा हजारांचे. दोघांत एक खोली, दोन रात्री आणि माशाचे ताट धरून माणशी साडेतीन हजार. म्हणजे चांगल्या डाइव्हसह एसटीने माणशी आठ-साडेआठ हजार.

यातली दुसरी रात्र वाचवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. 2025 पासून सोलापूरहून गोव्याला विमानसेवा आहे आणि मोपा विमानतळ मालवणपासून फार दूर नाही. पण एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर 18 तास विमानात बसायचे नसते. खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवरच्या कमी दाबात बुडबुड्यांचे रूप घेऊ शकतो. गाडीवाल्यांनीही हे लक्षात ठेवावे. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे खोल डाइव्ह केलेल्या दिवशीच घाट चढू नका. पोहोचलेल्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह, तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास, असा बेत ठेवा. सकाळी वाराही कमी असतो.

ज्यांना हा नाद पुढे न्यायचा आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे आधी खोल टाकीत सराव होतो, मग समुद्र. प्रमाणपत्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाला कुठेही गेलात तरी साधारण वीस-तीस हजार आणि चार दिवस लागतात. त्याआधी सोलापुरातल्या तलावात महिनाभर पोहून घ्या. तो खर्च किरकोळ आहे.

पैसे देण्यापूर्वी आरोग्याचा अर्ज मागा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. अर्ज न देता उतरवणाऱ्याकडे जाऊच नका. बोटीत लाइफ जॅकेट अंगात असलेच पाहिजे: मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. विम्याचेही विचारा.

किल्ल्याभोवतीचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून ‘पाव टाकणार नाही, प्रवाळाला हात लावणार नाही’ हे बोटीत चढण्याआधीच गाइडला सांगा. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आटोपली की फेब्रुवारीचा शनिवार-रविवार सोडून मधला वार धरा, खोल्याही स्वस्त मिळतात.