जलसंजीवनी

१९७१ साल. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, युद्ध पेटले होते. लाखो माणसे घरदार सोडून भारतात आली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांची छावणी होती. तेथे कॉलऱ्याची साथ पसरली. रुग्णालयाच्या खोल्या भरून गेल्या. रोगी जमिनीवरच पडून होते.

कॉलऱ्यात पाण्यासारखे जुलाब होतात. शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने बाहेर जातात. ते वेळीच भरून काढले नाहीत, तर रोगी काही तासांतही दगावतो. त्या काळी शिरेतून सलाइन देत असत; पण सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या.

तेथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबिस यांनी मग वेगळा मार्ग धरला. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते पाणी रोग्यांना पाजायचे! असे पाणी यापूर्वी रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन पाहिले होते. छावणीत मात्र ते नातेवाइकांच्याच हाती दिले. आई मुलाला पाजू लागली, भाऊ भावाला पाजू लागला. आधी शंभरांतले सुमारे तीस रोगी दगावत होते. आता चारही दगावेनात.

हे कसे घडले? जुलाब होत असतानाही आतडे ग्लुकोज आणि मीठ एकत्र शोषून घेते. त्यांच्या मागोमाग पाणीही रक्तात जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही. साखर व मीठ दोन्ही लागतात. मात्र प्रमाण चुकता कामा नये. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर जिवाला धोका असतो.

मुलांनो, आज हे औषध आरोग्य केंद्रात पुड्यांमध्ये मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात सगळी पुडी विरघळवावी. थोडे थोडे पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी फेकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. बाळाचे दूध व जेवण बंद करू नये. डॉक्टर मुलांना जस्ताच्या गोळ्याही देतात. त्या जुलाब थांबले तरी सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात.

पुष्कळ लोक दुकानातून जुलाब बंद करणारी गोळी आणतात. ती गेलेले पाणी भरून काढत नाही. लहान मुलांना तर ती घातक ठरू शकते. शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा मूल सुस्त पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. वाटेतही पाणी पाजत राहावे.

डॉ. महालनबिस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांच्या छावणीतील ते साधे औषध आज जगभर मुलांचे प्राण वाचवीत आहे.

शब्दार्थ
निर्वासित – पनाहगीर
साथ – वबा
जुलाब – दस्त
दगावणे – मरण पावणे
जस्त – झिंक

स्वाध्याय
१. बनगावच्या छावणीत सलाइनऐवजी काय दिले? का?
२. नुसते पाणी का पुरत नाही?
३. घरी जलसंजीवनी कशी तयार कराल? पाच वाक्ये लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : वेळीच, मागोमाग, ताबडतोब.