पोरी, डबा आधी उलटा कर

तुझ्या घरात दुधावरून दोन तट पडल्याची बातमी इथं नागपुरात, इतवारीपर्यंत पोचली बरं का. जावईबापूंना म्हशीच्या दुधावरची साय सुटत नाही आणि तुला ओटच्या दुधाच्या डब्याशिवाय करमत नाही. दोन्ही राहू देत फ्रिजमध्ये. फक्त कुणाच्या पेल्यात काय जातंय आणि कशासाठी, एवढं बघत जा.

१. दुकानात डबा हातात घेतलास की आधी उलटा कर — पुढची बाजू गोड बोलते, मागची खरं बोलते.

२. पहिल्यांदा प्रथिनं बघ. गाईच्या आणि चांगल्या सोयाच्या शंभर मिलिलिटरमध्ये ती साधारण तीन ग्रॅम असतात, बदामाच्यात बहुधा अर्धा ते एक — वर बदामाचं चित्र केवढंही असो, आत मुख्यतः पाणीच.

३. मग साखर बघ, आणि ओटच्या डब्याची जास्त नीट बघ. वरून चमचाभरही घातली नसली तरी ओटमधल्या पिष्टाचीच साखर झालेली असते — तुझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांच्या कपात ते ओतण्याआधी हे लक्षात असू दे.

४. ओतण्याआधी डबा चांगला हलव. कॅल्शियम त्यात असलं तर ते वेगळं मिसळलेलं असतं आणि तळाशी बसतं — हलवला तर हाडाला, नाही तर मोरीला.

५. वजनासाठीच दूध सोडायचं मनात असेल तर आधी पिशवी बदल. फुल क्रीममध्ये सहा टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड — एवढ्यानं भागत असेल तर कितीतरी पट महागडा डबा कशाला?

६. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडतं म्हणून दही-ताकही बंद करू नकोस, आधी थोडं घेऊन बघ — विरजणातले जिवाणू दुधातलं काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. पण अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर ती अॅलर्जी. तिथं ताकाचा प्रयोग नको, सरळ डॉक्टर गाठ.

७. वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचं, म्हशीचं, बदामाचं, ओटचं यातलं काहीच मुख्य दूध म्हणून द्यायचं नाही — आईचं दूध, नाही तर डॉक्टर सांगतील ती पावडर. वर्षानंतरही वाढत्या लेकराला बदामाच्या नाही तर तांदळाच्या पाण्यावर ठेवू नकोस. दूध चालतच नसेल तर कॅल्शियम मिसळलेलं, बिनसाखरेचं सोया डॉक्टरांना विचारून दे.

८. दूध, दही, तूप सगळंच सोडणार असशील तर बी-१२ची सोय आधी कर. शाकाहारी घरात ते येतं ते दुधादह्यातूनच — त्याची उणीव हळूहळू वाढते, आणि मुंग्या येऊ लागेपर्यंत माणूस ती थकव्यावर ढकलत राहतं.

९. मे महिन्यात दूध असो की डबा, ओट्यावर विसरायचं नाही. सीलबंद डबा कपाटात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून उघडल्यावरही टिकेल असं वाटतं — आपल्या पंचेचाळीस अंशांत तो दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आता सोयाबीनचं जरा सविस्तर सांगते, कारण ते आपलं आहे. आख्ख्या विदर्भात शेतंच्या शेतं त्याची, पण ते तेलगिरणीत जातं, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात, आणि आपण मात्र दूरदेशीच्या बदामाचा डबा आणतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. गांधीजींचंच बघ ना, त्यांनी १९१२ साली दूध सोडलं. पुढं आजारपणात कस्तुरबांनी मार्ग दाखवला म्हणून बकरीचं घेतलं, पण दुधाला झाडापाल्यातून पर्याय मिळावा ही त्यांची ओढ काही गेली नाही. १९३५ मध्ये इथं जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, त्यांनी रोजच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं. तूही घरी करून बघ.

१०. दाणे खाण्याचेच आण, पेरणीचं उरलेलं बियाणं कुणी फुकट दिलं तरी नको — त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि ते धुतल्यानं जात नाही.

११. अर्धी वाटी दाणे रात्री भिजव, पण उन्हाळ्यात फ्रिजमध्येच — बाहेर ठेवलेस तर सकाळी पाणी फेसाळून आंबलेलं असेल.

१२. सकाळी चोळून सालं काढ आणि कढत पाणी घालून वाट — गार पाण्यात वाटलंस तर तो कच्चा, शेंगट वास घरभर होतो आणि जावईबापूंना बोलायला निमित्त मिळतं.

१३. मलमलच्या फडक्यातून गाळून मोठ्या गंजात उकळायला ठेव. थोड्या वेळात फेस भसकन वर येईल, त्याला उकळी समजू नकोस. आच कमी कर, ढवळत राहा आणि खरी उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे — कच्च्या सोयातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत, ते या उकळण्यानंच मोडतात. फेस आला आणि गॅस बंद केला, की पोटदुखी ठरलेली.

१४. फडक्यातला चोथा टाकू नकोस. ज्वारीचं पीठ, कांदा, सांभार (कोथिंबीर), तिखट घालून थालीपीठ लाव — दाण्यातलं बरंच काही चोथ्यातच राहिलेलं असतं.

१५. यात बाहेरून कॅल्शियम घातलेलं नसतं, म्हणून ज्या आठवड्यात घरचं सोया पिशील त्या आठवड्यात तीळ आणि नाचणी ताटात असू दे — पांढरा रंग दिसला म्हणून हाडांचं काम झालं असं होत नाही.

१६. चहात घालायचं तर चहा आधी पुरता उकळून गाळून घे, सोया वेगळं कोमट कर आणि शेवटी वरून ओत — चहाबरोबर उकळलंस तर फाटतं. जावईबापूंचा चहा मात्र दुसऱ्या गंजात, म्हशीच्या दुधाचाच कर.